ठिपक्याच्या शोधात

कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी, कुणी काड्यापेट्यांवरची चित्रं. आमच्या घरात गेल्या दोन वर्षांपासून ठिपके जमवायचं खूळ शिरलं आहे. हे ठिपके खिशात घालून आणता येत नाहीत की वहीत चिकटवता येत नाहीत. ते डोंगरमाथ्यावर असतात, दगडात कोरलेले असतात, आणि जिथे आहेत तिथेच राहिले तरच त्यांना किंमत. जागचा हलला की ठिपका मेला! आपण करायचं एवढंच, की धापा टाकत वर जायचं, ठिपका सापडतो का बघायचं, सापडला तर तारीख-वार लिहून ठेवायचा आणि हात हलवत परत यायचं.

"यात कसली आलीय गंमत?" असं तुम्ही म्हणणार. माझा भाचाही असंच म्हणाला होता. आता तोच मला दर रविवारी सकाळी सहाला हलवून उठवतो.

हे खूळ घरात आणलं माझ्या पुतणीनं. ती अमेरिकेत ओहायोमध्ये राहते, वय वर्षं चौदा. डिसेंबरच्या सुटीत नागपूरला आमच्याकडे आली होती. दुसऱ्याच दिवशी मला विचारते, "आत्या, इथे जवळपास कॅश कुठे आहे?" मला वाटलं, पोरीला पैसे हवेत. मी पर्स काढली! ती पोट धरून हसली. मग कळलं, ही कॅश वेगळी. 'जिओकॅशिंग' नावाचा एक खेळ आहे, त्यातली.

त्याचं असं झालं. आकाशातल्या उपग्रहांच्या मदतीनं आपली जागा सांगणारी यंत्रं पूर्वीपासून होती. पण सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात अमेरिकी सरकार मुद्दाम थोडी चूक मिसळायचं. मे २००० मध्ये ही भेसळ बंद झाली आणि हातातल्या साध्या यंत्रावरही पाच-दहा मीटरच्या फरकानं जागा कळू लागली. लगेच ३ मे २००० ला ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी एक बादली रानात अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना कळवले. 'शोधा आणि काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा!' बादलीत वही-पेन्सिल होती, पुस्तकं होती, शेंगांच्या दाण्यांचा डबा होता आणि चक्क एक गलोल होती. दोन-तीन दिवसांत बादली सापडली. आता जगभर असे लाखो डबे दडवलेले आहेत.

आमच्या घराच्या आसपास मात्र एकही नव्हता. पुतणी हिरमुसली. मग म्हणाली, "बरं, बेंचमार्क तरी असतील ना?" तिकडे म्हणे या खेळातली बरीच मंडळी डबे सोडून सर्वेक्षणाच्या खुणा शोधत हिंडतात. पितळेची, तळहाताएवढी गोल चकती. खडकात किंवा काँक्रीटमध्ये बसवलेली. तिच्यावर कोरलेलं असतं की ही खूण हलवाल तर अडीचशे डॉलर दंड किंवा तुरुंग! पुतणीनं बाबांबरोबर अशा अकरा चकत्या शोधल्या होत्या. ब्रिटनमध्ये तर चकत्या नाहीत, खांबच आहेत. १९३६ पासून मार्टिन हॉटिन यांच्या आराखड्याप्रमाणे डोंगरमाथ्यांवर असे साडेसहा हजारांच्या आसपास खांब बांधले गेले, आणि ते एकामागून एक 'गाठत' सुटणारी माणसं तिथे आहेत.

भाचा तोऱ्यात म्हणाला, "आपल्याकडे असलं काही नसतं."

आता मात्र मला राहवेना. मी दोघांना रिक्षात घातलं आणि झिरो माइलला नेलं.

नागपूरच्या मुलांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. इथे वालुकाश्माचा एक खांब आहे, दगडी घोडे आहेत, आणि शहरातले लोक ही जागा 'भारताचा मध्यबिंदू' म्हणून दाखवतात. मध्यबिंदूचं राहू द्या. तिथला खरा मौल्यवान ऐवज म्हणजे १९०७ मधली 'जी.टी.एस.'ची खूण. जी.टी.एस. म्हणजे 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे', भारताचं महात्रिकोणमितीय सर्वेक्षण. ही खूण समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट उंच आहे. शेजारच्या षट्कोनी दगडावर गावोगावची अंतरं मैलांत कोरलेली आहेत.

भाच्यानं लगेच शंका काढली. "समुद्र इथून कितीतरी लांब. त्याची सपाटी इथे आणली कशी?" शंका चांगली होती. मुंबईच्या अपोलो बंदरासारख्या नऊ बंदरांवर वर्षानुवर्षं भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या, त्यांची सरासरी काढली, आणि तिथून दुर्बीण व पट्ट्या घेऊन माणसं पावलापावलानं चढउतार मोजत आत आली. वाटेत पुलाच्या कठड्यावर, देवळाच्या पायरीवर, कचेरीच्या जोत्यावर खुणा कोरत गेली. त्या खुणा म्हणजे बेंचमार्क. त्या उंची सांगतात, आणि बहुतेक रस्त्याकडेला सापडतात.

"पण डोंगरावरच्या?" पुतणीनं विचारलं. "मला चढायचंय."

डोंगरावरच्या खुणांची गोष्ट वेगळी. ती सांगायला आमच्या मोठेमामांसारखा माणूस नाही. मामा वर्ध्याला राहतात. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी ते सर्वेक्षण खात्यात खलाशी होते. खलाशी म्हटल्यावर जहाज डोळ्यांपुढे आलं ना? हे जमिनीवरचे खलाशी! यंत्रं डोक्यावर वाहून न्यायची, साखळी धरायची, झेंडे रोवायचे, झाडी तोडून वाट करायची, ही सगळी त्यांची कामं. साहेबाचं नाव नकाशावर येतं, खलाशाचं कुठेच येत नाही. मला तरी हा अन्याय वाटतो.

आम्ही तिघं वर्ध्याला गेलो. मामांना काचबिंदूनं आता फार अंधूक दिसतं, पण आवाज खणखणीत. पोरांनी विचारायचा अवकाश, मामा सुरू झाले.

"तुम्ही शाळेत त्रिकोण शिकलात ना? एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन माहीत असले की उरलेल्या दोन बाजू न मोजता कळतात. बस्स. अख्खा हिंदुस्थान एवढ्याच गणितावर मोजला."

(हे तुम्हीही करून बघा. मैदानावर वीस मीटर अंतरावर दोन काठ्या रोवा. नाल्यापलीकडचं एखादं कडुनिंबाचं झाड दोन्ही काठ्यांपासून किती अंशांत दिसतं ते मोजा आणि कागदावर प्रमाणात काढा. नाला न ओलांडता झाडाचं अंतर मिळतं.)

विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ पहिली बाजू मोजायला घेतली. शंभर फुटांची पोलादी साखळी चारशे वेळा मांडायची, तीही उन्हानं साखळी किती वाढली त्याचा हिशेब ठेवत. साडेसात मैलांना ५७ दिवस लागले! त्यानंतर मात्र कोनच कोन. एका डोंगरावरून दोन डोंगर बघायचे, त्यांच्यावरून पुढचे दोन. त्यासाठी लंडनहून मागवलेलं थिओडोलाइट यंत्र अर्ध्या टनाचं. ते आणणारं जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि यंत्र मॉरिशसला नेलं. पण ते शास्त्रीय कामाचं आहे हे कळल्यावर सन्मानानं पाठवून दिलं. पुढे १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचं चक्र वाकलं. लॅम्बटन तंबूत बसून राहिले आणि आठवडेच्या आठवडे खपून त्यांनी ते चक्र पुन्हा गोल केलं.

"आणि हे लॅम्बटन गेले कुठे, सांगा?" मामांनी विचारलं. पोरं म्हणाली, लंडन. "अहं. आपल्या हिंगणघाटला! वीस जानेवारी १८२३. हैदराबादहून नागपूरला निघाले होते. कबर आहे तिथे."

हिंगणघाट! वर्ध्यापासून तासाभराचं गाव. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्यांच्यामागून जॉर्ज एव्हरेस्ट आले, त्यांच्यामागून अँड्र्यू वॉ. त्रिकोणांची साखळी हिमालयापर्यंत गेली. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून कळलं की 'शिखर क्रमांक १५' जगात सगळ्यांत उंच आहे. १८५६ मध्ये त्याची उंची जाहीर झाली, २९,००२ फूट, आणि शिखराला नाव मिळालं एव्हरेस्ट. अलीकडे, २०२० मध्ये, नेपाळ आणि चीननं मिळून जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. फरक अवघा तीस फुटांचा! तोही शंभराहून अधिक मैलांवरून मोजून.

"आता ठिपका," मामा म्हणाले. "यंत्र ज्या बिंदूवर उभं केलं, तो बिंदू कायमचा राहिला पाहिजे. नाहीतर पुढचा माणूस उभा कुठे राहणार? म्हणून दगडात ठिपका कोरायचा आणि भोवती वर्तुळ. भोवती दगडमातीचा चबुतरा. काम संपलं की वर दगडांचा ढीग रचायचा आणि गावच्या पाटलाला सांगायचं, बाबा, सांभाळ. आणि एक लक्षात ठेवा. ठिपका एकटा नसतो. एक वर असतो, एक बरोबर त्याच्या खाली पुरलेला असतो. वरचा गेला तरी खालचा राहतो."

मग मामांनी आम्हाला एक टेकडी सांगितली. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला, आर्वी-कारंजाच्या बाजूला. त्यांनी तिथे स्वतः झेंडा रोवला होता. टेकडीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. का ते पुढे कळेलच.

नकाशे मिळवणं आता सोपं झालं आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग २०१७ पासून आपले बरेचसे नकाशे मोफत देतो. त्यातल्या नेहमीच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. डोंगरावर छोटा त्रिकोण आणि शेजारी आकडा दिसला, की समजायचं इथे ठिपका आहे, निदान होता तरी. आमच्याकडे मामांच्या ट्रंकेतला एक जुना पिवळा नकाशाही होता.

एक मजा सांगते. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तुम्ही फोनला जसेच्या तसे दिलेत, तर फोन तुम्हाला शे-सव्वाशे मीटर भलतीकडे नेतो. मामांनी हे आधीच बजावलं होतं, पण भाच्याला खात्री करून घ्यायची होती. फोननं त्याला उतारावर बोरीच्या काट्यांत नेऊन उभं केलं! यात फोनचा दोष नाही आणि नकाशाचाही नाही. पृथ्वी काही गुळगुळीत चेंडू नाही. १८३० मध्ये एव्हरेस्ट यांनी तिचा एक आकार ठरवला, तो भारताला चांगला बसणारा. जुने नकाशे त्या आकारावर काढलेले आहेत. उपग्रह साऱ्या जगाला बसेल असा दुसरा आकार धरतात. आकार बदलला की त्याच आकड्यांची जागाही सरकते.

तर चढाई. डिसेंबरातली सकाळ, खाली शेतांत कापूस वेचणं चाललेलं, तुरी पिवळ्या फुलांनी भरलेल्या. टेकडी जंगलखात्याच्या हद्दीबाहेरची, तरी आधी गावात विचारून घेतलं. आमच्याकडे बोरच्या बाजूला वाघ आहेत, उगाच शूरपणा नको. पायथ्याशी बकऱ्या चारणारे एक आजोबा भेटले.

"काऊन जी, कायले चढून राह्यले? वर काई नाई, गोटेच गोटे हायेत."

"आम्हाला गोटेच बघायचेत, आजोबा," पुतणी म्हणाली. आजोबांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं आणि काही न बोलता आमच्यामागून चढू लागले.

दीड तासानं माथ्यावर पोचलो. माथा सपाट, गुडघाभर वाळलेलं गवत, मध्ये दगडांचा ढीग आणि त्यातल्या एका दगडाला शेंदूर. कधीतरी या ढिगाचा देव झाला होता. देवाला हात लावायचा नाही, हे आम्ही न बोलताच ठरवलं. पण ढिगाशेजारी जे दिसलं त्यानं माझ्या पोटात गोळा आला. कमरेइतका खोल खड्डा. चबुतऱ्याचे घडीव दगड इतस्ततः फेकलेले. त्यातला एक उलथा पडला होता. भाच्यानं वाकून खालून बघितलं आणि ओरडला, "आत्या! यावर आहे!" खरंच होतं. अर्धं वर्तुळ, बाकीचा टवका उडालेला.

म्हणजे वरचा ठिपका मेला होता.

"हे कुणी केलं, आजोबा?"

"थे धन शोधनारे आले होते न रातच्यानं. चार-पाच वरसं झाले. इंग्रजायनं सोनं पुरलं म्हने. खनत राह्यले रातभर." आजोबांनी खड्ड्याच्या काठाशी बैठक मारली. "काई भेटलं नाई. भेटली काय, त टिकली!"

"टिकली?"

त्यांनी काठीनं खाली दाखवलं. खड्ड्याच्या तळाशी काळा खडक उघडा पडला होता. पावसानं धुऊन स्वच्छ झालेला. पुतणी हळूच उतरली, हातानं वाळलेली पानं बाजूला केली. आणि तिथे ती होती. हाताच्या पंज्यात मावेल एवढं वर्तुळ आणि मध्ये ठिपका. अगदी कपाळावरच्या टिकलीसारखा! सोनं शोधणाऱ्यांनी रात्रभर खणून काढला होता तो खालचा ठिपका, आणि बघूनही सोडून दिला होता.

पुतणी बराच वेळ त्याच्याजवळ उकिडवी बसून होती. बोट लावून बघितलं, पण खरवडलं नाही, खडूनं रंगवलंही नाही. मग म्हणाली, "माझ्या अकरा चकत्यांवर नंबर होते, वर्ष होतं, दंडाची धमकी होती. इथे काहीच लिहिलेलं नाही." आणि थोड्या वेळानं, "तरी हा जास्त चांगला आहे."

आम्ही फोटो काढले, वर वाळलं गवत पसरलं, त्यावर चार सपाट दगड ठेवले. आजोबांनी स्वतः हात लावला. टेकडीचं नाव मी का सांगत नाही, ते आता कळलं ना? हल्ली आम्ही तिला 'टिकलीची टेकडी'च म्हणतो.

उतरताना मी दुसऱ्या बाजूला डोकावले आणि तिथेच थांबले. टेकडीचा पूर्वेकडचा अर्धा भाग नव्हताच. खाली गिट्टीची खदान. पिवळी यंत्रं, ट्रकांची रांग, पांढरी धूळ. माथ्याच्या कडेला ताजी माती ढासळलेली. भाच्यानं पावलं मोजली, ठिपक्यापासून कडेपर्यंत ६१. तो आकडा त्यानं वहीत फोटोच्या खाली लिहिला.

संध्याकाळी मामांना सगळं सांगितलं. धन शोधणाऱ्यांची गोष्ट ऐकून ते हसले. खदानीचं ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "खडकाला धक्का लागला की ठिपका जागेवर दिसतो, पण जागेवर नसतो." यावर कुणालाच काही सुचलं नाही.

मग पोरांनी विषय बदलला. "मामा, एका डोंगरावरून दुसरा डोंगर नेमका दिसायचा कसा? तीस-चाळीस किलोमीटरवरून झेंडा कसा दिसेल?"

मामा खुलले. "झेंडा जवळच्याला. लांबच्याला दिवे नाहीतर आरसा." पूर्वी एव्हरेस्ट रात्री दिव्यांवर नेम धरत. ते दिवे कसले, तर मातीच्या परळात तेलात भिजवलेली सरकी पेटवायची आणि वर भोक पाडलेलं मडकं उपडं घालायचं! आपल्या वऱ्हाडात सरकीला काय तोटा! दिवसा आरसा. त्याला म्हणायचं हेलिओट्रोप. खलाशांच्या भाषेत नुसतं 'हेलिओ'. मामा हेलिओवर होते. एकदा दूरच्या एका डोंगरावर नऊ दिवस. बरोबर एक सोबती, पीठ, मीठ, पाण्याच्या कावडी. सकाळ-संध्याकाळ आरसा धरून समोरच्या डोंगरावर उजेड पाडत राहायचं. तिकडे साहेबाला दिसतोय की नाही, हे कळायला मार्ग नाही. हवा धुरकट असली की आख्खा दिवस फुकट. काम पुरं झालं की तिकडून तीन वेळा आरसा चमकायचा. तीन म्हणजे 'उतरा खाली'. नवव्या दिवशी तीन चमकले.

"आपण करू या का?" हे पुतणी म्हणाली की भाचा, ते आठवत नाही. पण तिची सुटी संपली होती, म्हणून वर्षभर थांबावं लागलं. पत्रं गेली, नकाशावर रेषा मारल्या. टिकलीच्या टेकडीसमोर चौदा किलोमीटरवर एक देवीची टेकडी आहे, वरपर्यंत गाडी जाते. तिथे मामा जाऊ शकत होते.

हेलिओ घरीच केला. आरसा वीतभर. मागच्या पाऱ्याला मध्यभागी चिमूटभर खरवडून एक भोक ठेवलं. समोर दीड हातावर काठी आणि तिच्या टोकाला तारेचं कडं. भोकातून बघत कडं आणि पलीकडची टेकडी एका रेषेत आणायची. मग आरसा असा फिरवायचा, की त्याचा उजेड काठीवर पडेल आणि त्या उजेडातला भोकाचा काळा ठिपका बरोबर कड्याच्या मध्यात येईल. झालं! मग तो उजेड थेट पलीकडे जातो. सूर्य सरकत असतो, म्हणून आरसाही मिनिटामिनिटाला किंचित वळवायचा. चौदा किलोमीटरवर हा उजेड सव्वाशे-दीडशे मीटर रुंद पसरतो, म्हणजे हात जरा चुकला की टेकडीच चुकली. (एक सांगून ठेवते. आरसा कुणाच्या डोळ्यांवर, रस्त्यावरच्या गाडीवर मारायचा नाही. आणि सूर्याकडे बघायचं तर मुळीच नाही.)

गेल्या डिसेंबरात तो दिवस उजाडला. पुतणी आणि मी टिकलीच्या टेकडीवर, मामा आणि भाचा देवीच्या टेकडीवर. वर फोन लागत नव्हता. बरंच झालं! ठरलं होतं साडेनऊ ते साडेदहा. साडेनऊला सगळीकडे धुरकं. पावणेदहाला समोरच्या टेकडीची कड जेमतेम दिसायला लागली. दहा वाजले, सव्वादहा झाले. पुतणी दुर्बिणीला डोळा लावून बसली होती, हात गारठलेले. मी मनात म्हणत होते, मामा एवढा वेळ उन्हात उभे असतील.

तिकडे काय चाललं होतं ते भाच्यानं नंतर सांगितलं. मामांना कडं दिसतच नव्हतं. म्हणून डोळे भाच्याचे आणि बोटं मामांची. "ठिपका कुठाय?" "उजवीकडे दोन बोटं." "आता?" "थोडा वर... वर... बस!" मामांची बोटं आरशाच्या कडेवर, इतकी हळू फिरणारी, की भाचा म्हणतो, फिरतायत हे कळतच नव्हतं.

आणि दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी, मला दिसलं! समोरच्या निळसर टेकडीवर एक पांढरी ठिणगी. दिवसाढवळ्या उगवलेली चांदणीच म्हणा ना. पुतणी किंचाळली. ठिणगी विझली, पुन्हा पेटली, आणि मग पेटलेलीच राहिली.

आम्ही आमचा आरसा लावला. हात थरथरत होते, तरी नेम लागला. एकदा. दोनदा. तीनदा.

"तीन चमकले, मामा!" भाचा तिकडे ओरडला. मामांनी त्याच्याकडून पुन्हा विचारून घेतलं, "नक्की तीन?" मग आरसा सदऱ्याला पुसला, रुमालात गुंडाळला आणि म्हणाले, "चला, उतरा आता."

त्याच दिवशी आम्ही पावलं पुन्हा मोजली. ४८. पावलं मात्र या वेळी माझी होती, आणि ती भाच्यापेक्षा लांब पडतात. म्हणून जानेवारीत भाचा टेप घेऊन पुन्हा गेला. ३४ मीटर. आता दरवेळी टेपच. त्यानं स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला, दोन फोटो जोडले, नकाशाची नक्कल जोडली, आणि मामांनी खाली 'माजी खलाशी' असं लिहून सही केली. रेघ जरा तिरकी गेली, पण सही वाचता येते. एक प्रत एका कचेरीत, दुसरी दुसऱ्या कचेरीत. पहिल्या कचेरीतून पोच आली आहे. जागा बघायला माणूस पाठवू, असं तिच्यात लिहिलं आहे. माणूस अजून आलेला नाही. आजोबांना आम्ही सांगून ठेवलंय, आला तर त्याला टिकली दाखवा.

आमच्या वहीत आजवर चौदा त्रिकोण लिहून झाले. त्यांतले सहा सापडले. तीन ठिकाणी टॉवर उभे आहेत, दोन ठिकाणी देऊळ बांधलंय आणि फरशीखाली ठिपका आहे की नाही ते देवालाच ठाऊक. उरलेले तीन गवतात आहेत, असं आम्ही धरून चाललो आहोत. दसऱ्याला टिकलीच्या टेकडीवर टेप लावायला जायचंय. पुतणीला तिकडे आकडा लगेच कळवायचा आहे.